ऑटिझम पॉलिसीत बसतो, थेरपी बसत नाही

महोदय,

२ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन असतो. इमारतींवर निळे दिवे लागतात, लेख येतात, व्याख्याने होतात. त्याच्या दोनच दिवस आधी, ३१ मार्चला, ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्याचे वर्ष संपते आणि ज्या घरांनी नूतनीकरण केलेले नसते तिथले मूल विम्याच्या बाहेर पडते. निळ्या दिव्यांचे फोटो सगळीकडे छापून येतात, ही तारीख मात्र बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेलीच नसते. थेरपीच्या विम्याबद्दलची बाकीची माहितीही अशीच कानोकानी फिरते आणि वाटेत बरीचशी बिघडते. म्हणून हे सविस्तर पत्र.

‘ऑटिझम पॉलिसीत बसत नाही’ असे एजंट अजूनही सांगतात. ते आता जुने झाले. आयआरडीएआय या विमा नियामकाने २७ सप्टेंबर २०१९ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत कंपन्यांना काय वगळता येणार नाही याची यादीच दिली आहे. मानसिक आजार, वर्तनाचे आणि मेंदूच्या वाढीशी निगडित विकार, भाषेचे व बोलण्याचे विकार, जनुकीय आजार, इतकेच काय, ज्याचे कारण सापडलेले नाही असा आजारही त्या यादीत आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्याच पॉलिसींना हे लागू आहे. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम २१(४) सांगते की मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्या.

तरीही पैसे मिळत नाहीत, कारण दाराला कडी दुसरीकडूनच आहे. आपल्याकडची नेहमीची पॉलिसी म्हणजे रुग्णालयात किमान २४ तास दाखल झालेल्याचा खर्च. त्याला अपवाद डे-केअरचा, म्हणजे डायलिसिस, केमोथेरपी, मोतीबिंदू वगैरे. पण डे-केअरच्या व्याख्येतले शेवटचे वाक्य आहे की जो उपचार एरवी बाह्यरुग्ण म्हणून घेतला जातो तो यात धरू नये. बिहेविअर (वर्तनाची) थेरपी, स्पीच (वाचा) थेरपी, ऑक्युपेशनल (रोजची कामे शिकवणारी) थेरपी तिघीही त्या एका वाक्यात अडकतात. कलम २१(४) दाखवले तर कंपनी म्हणते, आम्ही समानच वागवतो. पाय मोडलेल्याची क्लिनिकमधली फिजिओथेरपीही आम्ही ओपीडी म्हणून देत नाही. युक्तिवाद चीड आणणारा आहे, पण कागदावर टिकतो. म्हणून नुसत्या कायद्याच्या जोरावर क्लेम लढवायला निघालेल्यांना आम्ही आधी पॉलिसीतले ओपीडीचे पान उघडायला सांगतो. ते पान नसेल तर लढाई क्लेमची नाही, पॉलिसी बदलण्याची आहे.

‘एक दिवस ॲडमिट दाखवा, होऊन जाईल’ असा सल्ला देणारेही भेटतात. तो ऐकू नये. खोटे दाखल होणे ही फसवणूक ठरते आणि तेवढ्यावरून सगळ्या कुटुंबाची पॉलिसी रद्द होऊ शकते.

आता ‘निरामय’. नॅशनल ट्रस्ट ही केंद्र सरकारची संस्था ती चालवते. या ट्रस्टचा कायदा १९९९ चा, ही योजना २००८ ची. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच गटांसाठी आहे. नुसत्या एडीएचडीला (अतिचंचलता व एकाग्रतेचा अभाव) किंवा उशिरा बोलणाऱ्या मुलाला मिळत नाही. वर्षाला १ लाखाचे संरक्षण, वयाची अट नाही, वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनच्या आजाराची आडकाठी नाही. नावनोंदणी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५००. नूतनीकरण अनुक्रमे ५० आणि २५०. नाव ऑक्टोबरमध्ये घातले तरी मुदत ३१ मार्चलाच संपते.

मात्र १ लाख म्हणजे थेरपीला १ लाख नव्हे. आत कप्पे आहेत: शस्त्रक्रिया व रुग्णालय, ओपीडी व दात, थेरपी, पर्यायी औषधोपचार, प्रवास. थेरपीचा कप्पा २० हजारांचा. हिशेब करून पाहा. एका सेशनचे ८०० रुपये आणि आठवड्याला तीन सेशन धरली तर वर्षाचा खर्च १ लाख २४ हजार ८०० रुपये होतो. २० हजारांत २५ सेशन बसतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर मे संपता संपता कप्पा रिकामा. आणि एकूण मर्यादा २००८ पासून १ लाखावरच उभी आहे.

तरीही नावनोंदणी करावीच. पाचशे रुपयांत वीस हजारांची थेरपी दुसरीकडे कुठेही मिळत नाही, आणि घरात दुसरी पॉलिसी असली तरी हिला अडचण येत नाही.

सुरुवात होते दिव्यांगत्व प्रमाणपत्रापासून. ऑटिझमची तीव्रता ‘इसा’ या भारतीय मापनश्रेणीवर मोजतात. ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, यावरूनच निघते. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. लहान मुलांचे प्रमाणपत्र बहुधा मुदतीचे असते आणि ती मुदत उलटलेली नूतनीकरणाच्या आठवड्यातच लक्षात येते. दुसरे म्हणजे नावाचे स्पेलिंग. आधारवर एक, यूडीआयडीवर दुसरे आणि थेरपी सेंटरच्या पावतीवर घरचे लाडाचे नाव. पावती करणाऱ्याला कार्डाची झेरॉक्स देऊन ठेवली की पुढचे दोन महिने वाचतात.

क्लेम फेटाळले जातात ते बहुतेक कागदांमुळे, म्हणून याबद्दल जरा जास्त लिहितो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ॲडव्हाइस्ड थेरपी’ एवढेच लिहिलेले असते. त्यावर काहीही मिळत नाही. चिठ्ठी बालमेंदूविकारतज्ज्ञ, विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह हवी. निदान संकेतांकासह लिहिलेले असावे. बालपणीच्या ऑटिझमला तो एफ ८४.० आहे. पुढे कोणती थेरपी, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे, किती महिने. आणि चिठ्ठीची तारीख पहिल्या सेशनच्या आधीची. थेरपी जूनमध्ये सुरू आणि चिठ्ठी ऑगस्टची असेल, तर मधल्या सगळ्या पावत्या वाया जातात. सहा महिन्यांनी चिठ्ठी नवी करून घ्यायची हेही राहून जाते.

मग पावती. ‘जुलै महिन्याची फी रु. ९,६००’ अशी पावती म्हणजे क्लेम पाहणाऱ्याच्या लेखी शाळेची फी. ‘फी’ हा शब्दच नको. प्रत्येक सेशनची तारीख, मिनिटे, दर, थेरपिस्टचे नाव, त्याचा नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का. स्पीच, ऑक्युपेशनल आणि बिहेविअर थेरपीची बिले वेगवेगळी हवीत. एकाच बिलात ‘स्पेशल एज्युकेशन’, ‘शॅडो टीचर’, ‘प्रवेश शुल्क’ यातले काही दिसले की शिक्षणखर्च म्हणून अख्खे बिल बाजूला पडते. ‘निरामय’चे कागद उपचारानंतर ३० दिवसांत द्यायचे असतात, त्यामुळे वर्षभराचा गठ्ठा मार्चमध्ये देण्याची सवय मोडावी आणि महिन्याचे महिन्याला पाठवावे. मूळ प्रती जातात, तेव्हा स्कॅन आधी.

नोंदणी क्रमांकाची अडचण खरी आहे आणि तिथे पालकांचा दोष नाही. स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची महाराष्ट्रात राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे. पण फक्त एबीए, म्हणजे वर्तनाच्या विश्लेषणावर आधारलेली थेरपी, शिकून काम करणाऱ्या बिहेविअर थेरपिस्टला अशी घरची परिषद नाही. परदेशी प्रमाणपत्र भिंतीवर असते, विमा कंपनीच्या रकान्यात बसत नाही. यावर व्यवहारातला उपाय एकच: सेंटरमधल्या परिषद-नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने उपचाराचा आराखडा करावा, देखरेख ठेवावी आणि बिलावर त्याची सही असावी. अर्थात देखरेख खरोखर होत असेल तरच. सेंटर निवडतानाच हा प्रश्न विचारावा. ‘आमच्याकडे क्लेम होतात’ या उत्तरावर थांबू नये, मागे मंजूर झालेल्या बिलाचा नमुना नाव झाकून दाखवा म्हणावे.

ज्यांच्या पॉलिसीत ओपीडी किंवा थेरपीचे कलम आहे त्यांनाही नकारपत्रे येतात. नियामकाने वगळण्याच्या बाबींना ठरावीक क्रमांक दिलेले आहेत आणि पत्रात बहुधा त्यांतले तीन दिसतात. क्रमांक ०४ तपासणी व मूल्यमापनाचा. केवळ एमआरआय किंवा ईईजीसाठी मुलाला एक दिवस दाखल केले तर हा लागतो आणि तो नकार बहुधा बदलत नाही. क्रमांक १६ सिद्ध न झालेल्या उपचारांचा. बिहेविअर थेरपीला हा लावला असेल तर जरूर भांडावे, डॉक्टरांकडून उपचाराच्या परिणामकारकतेचे पत्र जोडावे. पण त्याच फाइलमध्ये स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराचे बिल सरकवू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस होऊ शकत नाही असे सांगितले आहे. तसले एक बिल बाकीच्या दहा चांगल्या बिलांवर संशय आणते. या बाबतीत आम्ही कंपनीच्या बाजूचे आहोत.

क्रमांक ०५ सर्वांत फसवा. शीर्षक ‘विश्रांती, पुनर्वसन व तात्पुरती देखभाल’ असे असल्यामुळे थेरपीला तो सहज चिकटवतात. खाली मजकूर वाचला तर तो सक्तीच्या विश्रांतीसाठी दाखल होण्याबद्दल आहे, आणि पुढे आंघोळ, कपडे, चालणे-फिरणे यात मदत करणाऱ्या देखभालीबद्दल. आता ऑक्युपेशनल थेरपीचा अहवाल पाहा. त्यात लिहिलेले असते, ‘कपडे घालणे, आंघोळ यासाठी मदत.’ म्हणजे आपणच कंपनीच्या हाती तिचे वाक्य दिले! तीच गोष्ट अशी लिहावी: ‘उद्दिष्ट: शर्टाची पुढची चार बटणे आधाराविना लावणे, पाचपैकी चार वेळा. सुरुवातीची स्थिती: पाचपैकी शून्य. बारा आठवड्यांनंतर: पाचपैकी तीन.’ यात उपचार दिसतो, मोजमाप दिसते, देखभाल कुठेच नाही. बिहेविअर थेरपीतही ‘वर्तन सुधारणा’ लिहू नये. ‘स्वतःच्या हाताला चावणे, दिवसाला १४ वरून ५ वेळा’ असे लिहावे. असा अहवाल दर तीन महिन्यांनी जोडला तर ‘वैद्यकीय गरज नाही’ म्हणणे कंपनीला जड जाते.

नकार फोनवर घेऊ नये, लेखी घ्यावा. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही आणि पॉलिसीतले नेमके कलम दाखवावे लागते. उत्तरात एवढेच विचारावे की कोणते कलम आणि समितीची मंजुरी कधीची. हे दोन प्रश्न गेले की काही फाइली आपोआप पुन्हा उघडतात. त्यानंतर कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग ‘बिमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, पण नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. कार्यालये मुंबई व पुण्यातही आहेत, हद्द राहत्या पत्त्यावरून ठरते. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. ‘निरामय’च्या तक्रारी मात्र आधी नॅशनल ट्रस्टकडेच लिहाव्यात.

नवी पॉलिसी घेताना निदान लपवू नये. लपवलेले निदान बाहेर येते ते नेमके मोठ्या क्लेमच्या वेळी, थेरपीच्या नव्हे. फिटसाठी अतिदक्षता विभागात दाखल केले, जुने कागद मागवले आणि त्यात ऑटिझम सापडला, असे होते. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे आणि सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती लपवल्याचे कारण पुढे करता येत नाही. यातून निघणारा सोपा उपाय तरुण जोडप्यांना कुणीच सांगत नाही: बाळाचे नाव पॉलिसीत जितक्या लवकर घालता येईल तितक्या लवकर घालावे. ऑटिझमचे निदान बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी किंवा त्यानंतर होते. तोपर्यंत मूल पॉलिसीत असेल, तर नव्याने अर्ज करून नकार ऐकण्याची वेळ येत नाही.

नियामकाच्या २७ फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकाने प्रत्येक सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपनीला दिव्यांगांसाठी पॉलिसी आणणे भाग पाडले आणि सोबत नमुनाही दिला. ऑटिझमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पॉलिसीही बाजारात आहेत. जाहिरातीतला ‘थेरपी कव्हर्ड’ हा शब्द पाहून चेक फाडू नये. थेरपी दाखल नसतानाही मिळते का, वर्षाची मर्यादा किती, बिलातला आपला वाटा किती टक्के, क्लिनिक चालते की रुग्णालयच हवे, ही चार उत्तरे ईमेलवर मागावीत. घेतल्यावर ३० दिवसांची मुभा असते. पटले नाही तर परत करता येते.

नोकरदारांना सर्वांत जवळची वाट कंपनीच्या गट विम्याची आहे. गट मोठा असल्याने धोका वाटला जातो, प्रतीक्षा कालावधी बहुधा माफ असतो, आणि कलम घालायचे की नाही हे विमा कंपनीइतकेच आपल्या एचआरच्या हाती असते. पण मागणी नूतनीकरणाच्या तीन महिने आधी जायला हवी, दर ठरून गेल्यावर नाही. ‘ऑटिझमला मदत करा’ असे मोघम लिहू नये. प्रति मूल ठरावीक रकमेची ओपीडी थेरपी, तीही क्लिनिकमधली, आणि दिव्यांग अपत्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा उठवावी, असे मुद्देसूद लिहावे. दोन-चार पालकांनी मिळून पत्र दिले तर ते कंपनीसाठी विमा ठरवणाऱ्या ब्रोकरपर्यंत पोहोचते.

अमेरिकेतून पुण्या-ठाण्यात परतलेली मराठी कुटुंबे इथे गोंधळतात, कारण तिथे एबीएचे बिल १५ मिनिटांच्या युनिटवर थेट विम्याला जाते. ऑटिझमच्या उपचारांना विमा द्यायलाच हवा असा कायदा इंडियाना राज्याने २००१ मध्येच केला, आता पन्नासही राज्यांत आहे. तिथेही नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या पैशातून विमा योजना चालवत असेल तर राज्याचा कायदा लागत नाही आणि पालकांना एचआरच्याच दारात उभे राहावे लागते.

ज्यांना यातले काहीच परवडत नाही, त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या लवकर हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालची ही केंद्रे आहेत, ऑटिझम त्यांच्या यादीत आहे आणि सेवा मोफत आहे. थेरपिस्टची पदे भरलेली आहेत का, हे मात्र जाण्याआधी विचारून घ्यावे.

विमा कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. थेरपीचे कलम ऐच्छिक ठेवले तर ते ऑटिझम असलेल्या मुलांचेच पालक घेतात, आणि मग हप्ता कुणालाच परवडत नाही. म्हणूनच ते ऐच्छिक राहू नये. नियामकाने २०२३ च्या नमुना पॉलिसीत एवढा मजकूर घालावा: ‘नोंदणीकृत तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यानुसार दाखल न होता घेतलेली वर्तन, वाचा व व्यवसायोपचार थेरपी वर्षाला ठरावीक सेशनपर्यंत देय राहील, डे-केअरच्या व्याख्येतील बाह्यरुग्णाचे बंधन तिला लागू होणार नाही.’ संबंधित तज्ज्ञांच्या यादीत बिहेविअर थेरपिस्ट बसावा म्हणून २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याखाली त्याची नोंदणी सुरू व्हावी, आणि ‘निरामय’मधला थेरपीचा कप्पा मे महिन्यापुढे पुरेल इतका करावा. राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने हा मजकूर आपल्या शिफारशीसह केंद्राकडे पाठवावा, अशी आमची मागणी आहे.

– विमा क्लेमच्या कागदपत्रांत पालकांना मदत करणारे काही कार्यकर्ते, पुणे